गोचिडांना दिलेलं जीवदान

नळीचं टोपण जांभळं होतं आणि आतलं रक्त फिकट, पाणी वाढवलेल्या सरबतासारखं... थुआच्या नाकातून सकाळपासून ठिबकत होतं ते तरी याहून लाल होतं, बुनमीला वाटलं, आणि ती कुत्रीच्या पाठीवरचा हात न उचलता नळीकडेच बघत राहिली.

तरुण डॉक्टर विपावी अहवाल समजावत होत्या. रक्त थांबवणाऱ्या पेशी दोन लाख तरी हव्यात, उरल्यात नऊ हजार. तांबड्या पेशी निम्म्याहून कमी. आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखा बारीक झुबका — तेच जंतू, गोचिडातून आलेले. तुती! जन्मभर तुतीचा पाला घालून रेशमाचे किडे पोसले तिनं आणि खामसिंगनं, आणि कोश तयार झाले की उकळत्या कढईत सोडले... वैशाखात नवरा गेला तेव्हा तिच्या जिवाला घोर लागला, एवढ्या जिवांचे तळतळाट त्याची पुढल्या जन्माची वाट अडवून उभे असतील. म्हणून पावसाळ्यात, भिक्खूंच्या वर्षावासाचे तीन महिने एकही जीव मारायचा नाही, ते पुण्य त्याला पोचवायचं. कढई पालथी पडली. थुआच्या कानातले गोचीड ती रोज वेचून केळीच्या पानावर घ्यायची आणि कुंपणाशी अलगद सोडायची. शेजारची पेंग म्हणालीच होती, आता त्यांना पंगतही वाढ. बुनमी नुसती हसली होती.

"मावशी, गोचीड काढत होतात ना?"

"रोज काढत होते."

"मग मारायचात कसे?"

तिनं सांगितलं.

"एक मादी तीन-चार हजार अंडी घालते हो, मावशी. गोळ्या अठ्ठावीस दिवसांच्या आहेत, पण आधी हे तीन दिवस निघू देत."

घरी पायरीवर थुआचं डोकं मांडीत घेऊन ती बसली. हिरड्या पांढऱ्याफटक. खामसिंग आपल्या घासातला चिकट भाताचा गोळा आधी हिला द्यायचा, तो गेल्यावर चार दिवस ही अन्नाला शिवली नव्हती... आणि तिलाच मी माझ्या हातानं — बुनमीला पुढचं मनातही म्हणवेना. रोजच्यासारखं झाडाच्या मुळाशी पाणी ओतून, त्याचं नाव घेऊन पुण्य पोचवायची वेळ झाली होती. तांब्या भरलेला होता, पण हात कलेना. दिलेलं पुण्य परत मागता येतं का? परत दे, खामसिंग, हिच्यासाठी दे, ती म्हणाली. तो नाही म्हणणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. सगळं काढून देईल आणि स्वतः तिथंच अडकून पडेल. तरीही तिनं मागणं मागे घेतलं नाही.