बिघाडाला पाय फुटले तेव्हा

दाजींची जुनी मोटारसायकल महिन्याभरात तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मिस्तरीच्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्या खेपेला दोष कार्बोरेटरमध्ये निघाला. खालची वाटी सोडली तर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा टपोरा थेंब हलत होता. टाकीचं झाकण उघडं राहिलं असेल, असं म्हणून त्यानं सगळं धुऊन पुसून दिलं. दुसऱ्या खेपेला ठिणगी गेली. कन्डेन्सरचा स्क्रू इतका सैल, की नखानं फिरावा. म्हातारी गाडी, हादरे खाते, असं म्हणून तेही त्यानं गिळलं. आणि आज पुन्हा ठिणगी नाही. तो दाजींच्या अंगणात उकिडवा बसून ठिणगीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवरचं झाकण उघडत होता.

हा धंदा त्याला दाजींनीच शिकवला. ताईच्या लग्नानंतर तो सदा तिच्या मागोमाग या घरी यायचा, म्हणून दाजी त्याला शेपूट म्हणायचे. डोक्यावरचे केस गळले, ते नाव काही गळलं नाही. अलीकडे दाजींचे हात थरथरत, पॉइंटमधली बारीक फट त्यांना धरता येत नसे. जीभ मात्र धार लावलेली.

"काय शेपूट, गाडी दुरुस्त करतोस की तिला गोष्ट सांगतोस?"

"तुमच्या वयाची आहे, दाजी. समजूत काढावी लागते."

"माझ्या वयाची असती तर तुझ्या हाती लागली नसती!"

ओसरीवर दाजींची नात दप्तर अडकवून उभी होती. तिची आई, म्हणजे दाजींची लेक, पहाटेच कामाला जायची. त्यामुळे रोज सकाळी ही पिटुकली आजोबांच्या पुढ्यात, टाकीवर बसून शाळेत जायची.

झाकण निघालं. दोन पॉइंटांच्या मधे दुधाच्या पिशवीचा तुकडा होता. बारीक, कात्रीनं सरळ कापलेला. पॉइंट कितीही उघडमीट करोत, वीज पुढे जायची सोयच नाही. दाजींनी त्याला पहिल्यांदा शिकवलं होतं ते हेच, 'बिघाडाला पाय नसतात. आज इथं, उद्या तिथं दिसला, तर कुणाचा तरी हात फिरलाय समज.'

त्यानं चिमट्यानं तुकडा काढला, मुठीत घेतला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेला. इंजिनाच्या पलीकडे बसून जन्मभर नवऱ्याच्या हाती पाने-पकडी देणारी बाई या घरात एकच होती.

"ताई, हे काय गं?"

ताईनं भाकरी थापावी तसे दोन्ही हात ओट्यावर दाबले. "त्यांना झटके येतात. डोळे फिरतात, अंग ताठ होतं. न्हाणीघरात पडले होते. उठल्यावर म्हणाले, पाय घसरला. त्यांना खरंच काही आठवत नाही रे."

"मग लेकीला सांग ना!"

"पडल्याचं कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यांनी. आणि सांगितलं तर ती पोरीला घेऊन वेगळी राहील. मग हे कुणाच्या तोंडाकडे बघून जगतील? गाडी मरू दे, एवढंच कर माझ्यासाठी."

तो बाहेर आला. गुरूशी खोटं बोलायचं म्हणून तो गाडीकडेच बघत म्हणाला, "कॉइल गेली, दाजी. आता मिळायची नाही."

दाजी म्हणाले, "प्लग काढ. सिलिंडरला टेकव. मार किक."

कॉइल खरंच गेली असती, तर ठिणगी पडलीच नसती. पण तुकडा तर मिस्तरीच्या खिशात होता. पॉइंट मोकळे होते.

किक मारली. टक् करून निळी, जाड ठिणगी उडाली.

दाजींनी ठिणगीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. "बिघाडाला पाय फोडायला चांगली शिकली तुझी बहीण," ते म्हणाले. "बसव प्लग."

"दाजी, ऐका तरी."

"बसव म्हटलं ना!"

उभ्या जन्मात त्यानं या माणसाचा शब्द मोडला नव्हता. मनाआधी हातांनी ऐकलं. गाडी पहिल्या किकला धडधडली. दाजी चढून बसले, टाकीवर थाप मारली. "ये गं, पिटुकले."

पोर धावली. मिस्तरीनं तिला मधेच कंबरेला धरून उचललं.

"सोड तिला, शेपूट."

"गाडी तुमची आहे, दाजी. पोरगी नाही."

"मी पाडीन का रे तिला? मी? तिला?"

"पाडाल. आणि तुम्हाला कळणारही नाही."

दाजींनी टाकीवरचा हात काढला. त्यांनी गिअर टाकला आणि फाटकातून एकटेच निघून गेले.

ताई दारात येऊन उभी राहिली. दोघंही कान देऊन ऐकत होती. त्याखेरीज दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. पहिला गिअर. दुसरा. वळणापाशी आवाज उतरला, पुन्हा चढला, अगदी स्वच्छ. मग एकदम गळा फाटल्यासारखा वर गेला आणि तिथंच राहिला. चाकाखालचा रस्ता सुटला आणि हाताची मूठ पिळलेलीच राहिली, की इंजिन असं ओरडतं.

"आजोबांनी जोरात पळवली!" पोर हसून म्हणाली.

ताई अनवाणी धावत सुटली. मिस्तरीनं पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन ओरडत राहिलं, एकदाही न अडखळता.