स्वीट पीच्या शेंगा

बायको एनिड दुपारी दवाखान्यातून घरी येणार म्हणून क्लिफर्डने सकाळीच परसात खुर्ची मांडली, तीही नेमकी स्वीट पी नावाच्या तिच्या सुवासिक फुलांच्या वेलांसमोर. तेवढ्यात शेजारची मेव्हिस चहाचा कप घेऊन कुंपणावरून डोकावली आणि कप तोंडापर्यंत नेता नेता थांबली.

"क्लिफर्ड, फुलं कुठं गेली रे?"

"आहेत की पानांआड! एकालासुद्धा हात लावला नाही मी. सगळी तिच्यासाठी राखलीत."

"राखलीत? अरे देवा!"

मेव्हिस तरातरा आत आली. तिने एक वेल धरून उलटा करून दाखवला. पानांमागे केसाळ, हिरव्या शेंगा लोंबत होत्या. टोकाला चार फुलं सुकलेली, आणि नवी कळी औषधालाही नाही.

"घेवडा तोडला नाही तर काय होतं?" तिने विचारलं.

"शेंगा जून होतात. वेल फुलायचा थांबतो."

"मग हा कोण घेवड्याचा? चुलतभाऊच ना! जन्मभर घेवडा लावलास आणि एवढं कळलं नाही तुला?"

क्लिफर्ड मटकन खुर्चीत बसला.

इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या त्या एवढ्याशा परसाची वाटणी लग्न झाल्यापासून ठरलेली होती. अर्ध्यात त्याचे बटाटे, कांदे, घेवडा, आणि अर्ध्यात एनिडची फुलं. तीही नुसती बघायची नाहीत, कापून घरात आणायची. सकाळी चपला फटफटवत ती कात्री घेऊन निघायची आणि बादली भरून आणायची. मग जेवायच्या टेबलावर फुलं, जिन्यात फुलं, न्हाणीघराच्या खिडकीतही फुलं. उरलेली गल्लीभर वाटायची. "जितकी कापावी तितकी येतात, असा सौदा बाजारात तरी मिळेल का?" असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची, आणि हा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "शिजवून खाता येत नाही ते लावायचं कशाला? फुलांच्या गर्दीत मला मीठ सापडत नाही."

टर उडवायला जीभ तयार, ऐकायला मात्र कान नाही. क्लिफर्ड हा असला माणूस.

जूनमध्ये तिचं ऑपरेशन झालं. हा रोज भेटायला जायचा, धुतलेला गाऊन आणि बिस्किटांचा पुडा घेऊन. फूल एकदाही नेलं नाही. "बाग कशी आहे?" असं तिने विचारलं तेव्हा हा गालातल्या गालात हसला होता. "येशील तेव्हा बघ." तिने तोंड खिडकीकडे फिरवलं, ते पुन्हा बागेचं नाव काढलं नाही. गेल्या आठवड्यात यानेच ऑक्टोबरातल्या पेरणीचा विषय काढला तर म्हणाली, "यंदा पेरायचं नाही. कुणासाठी पेरायचं?"

डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन चांगलं झालं, आता पुढचं तिच्या उमेदीवर. आणि ती उमेद याने स्वतःच्या हाताने घालवली होती.

"शेंगा काप आधी," मेव्हिस म्हणाली. "भरपूर पाणी घाल. येतीलही कळ्या पुन्हा."

तो कापायला लागला. घाईत शेंगेऐवजी वेलच कापला जात होता. बादली निम्मीही भरली नव्हती आणि बाहेर मुलीची गाडी थांबली. ठरल्यापेक्षा लवकर.

एनिड घरात न जाता बाजूच्या फाटकातून थेट परसात आली. अंगावरचा कोट तिला मोठा झाला होता. तिने वेल पाहिले, मग बादली पाहिली. मेव्हिस कप घेऊन हळूच सटकली आणि मुलगी लोर्ना पिशवी धरून फाटकाशीच थांबली.

"हे काय केलंस क्लिफर्ड?"

"राखली होती गं. तू येशील तेव्हा सगळी भरलेली दिसावीत म्हणून..."

"मला वाटलं बाग मेली!" तिचा आवाज फाटला. "मेली, आणि तू सांगत नाहीयेस. शेजारच्या खाटेवरच्या बाईची विकतची फुलं बघत पडायचे मी. रोज दाराकडे डोळे लावायचे, आणि तुझ्या हातात ती मेली बिस्किटं! जन्मभर माझ्या फुलांची टिंगल केलीस, आणि जपायची बुद्धी आत्ताच झाली तुला?"

"चुकलो," क्लिफर्ड म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून लोर्नाने कधी ऐकला नव्हता.

एनिड खुर्चीत टेकली. क्लिफर्डला वाटलं, आता ही उठेल, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजेल, आणि मग काही खरं नाही.

तिने हात पुढे केला. "कात्री दे."

त्याने दिली. ती एकेक वेल ओढून शेंगा कापू लागली, हा बादली धरून उभा. बुडाशी तीन-चार टपोऱ्या शेंगा राहिल्या होत्या. त्या तोडायला तो वाकला तशी तिने फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

"त्या राहू दे."

"मेव्हिस म्हणाली, सगळ्या काढायच्या."

"मेव्हिसला काय कळतंय! वाळू देत त्या. ऑक्टोबरात बी लागेल ना?"

क्लिफर्ड तिच्याकडे बघतच राहिला.

"बघतोस काय? पाणी घाल."

तो झारी आणायला वळला. झारी पायाशीच होती, पण डोळे असे भरून आले होते की ती त्याला दिसेना.