संतांची विनवणी, दुसऱ्यांदा

डोणगावच्या कॉन्व्हेंटचं चॅपल म्हणजे एक लांबट खोली, आणि तिच्या भिंतीला भिंत लावून दवाखाना. पलीकडं कुणी खोकलं तरी प्रार्थनेत ऐकू यायचं. सिस्टर समताला तर ते कोण खोकलं हेही कळायचं. कित्येक वर्षं ती या दवाखान्यात नर्स होती. स्कूटी काढायची आणि खेडोपाडी जाऊन गरोदर बायांना तपासायची.

आज ती संन्यासिनी म्हणून आजन्म व्रतं घेणार होती. ही व्रतं एरवी संस्थेच्या मुख्य मठात होतात, पण समतानं हट्टच धरला, की ज्या माणसांत राहते त्यांच्यासमोरच मी देवाला शब्द देणार. ही बातमी गावात कळली आणि बायांनी सगळा कारभार हातात घेतला. मनकर्णाबाई त्यात पुढं. त्या गावच्या जुन्या दाई. आता दवाखान्यात समताच्या हाताखाली काम करायच्या आणि तिच्यावरच हुकूम सोडायच्या.

"पोरीचं लगन आमच्या गावात, अन् मांडव नाई म्हंता?" त्यांनी कॉन्व्हेंटच्या थोरल्या सिस्टर पुष्पांजलींना विचारलं. "नवरदेव दिसत नाई, ते तिचं ती पाहीन. मांडव आमी घालतो."

तसा मांडव पडला. दाराला केळीचे खांब लागले, आंब्याची तोरणं झुलली. समता आठवडाभर मौनात होती, नुसती प्रार्थना आणि चिंतन. ते मौन सकाळी सुटलं आणि तिला काय बोलू नि काय नको असं झालं. जालन्याकडून तिचे नातेवाईक ट्रॅव्हल्स करून आले होते, त्या सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं. चहा हातात घेतला तो कुठंतरी ठेवून विसरली.

मिरवणूक चॅपलच्या दाराशी उभी राहिली. पुढं क्रूस, मागं बिशप, मध्ये नव्या पांढऱ्या साडीतली समता. इतक्यात फाटकातून एक ऑटो थडथडत आत शिरला. त्यात दिवस भरलेली जयमाला. तिला मेहकरच्या दवाखान्यात न्यायला निघाले होते, पण कळा वाटेतच जोर धरू लागल्या. तिचा नवरा भागवत घामानं निथळत होता.

समता रांग सोडून निघालीच होती. मनकर्णाबाईंनी तिला दोन्ही दंडांना धरलं.

"कुठी चाल्ल्या? मी हावो ना! तिसरं बाळंतपण हाय तिचं, आरामात होईन. तुमी देवाजवळ जा."

"पण मावशी…"

"जा म्हंते ना!"

सिस्टर पुष्पांजलींनीही मान हलवली. समता आत गेली. पण कान भिंतीलाच.

मिस्सा, म्हणजे वेदीपुढची मुख्य उपासना, सुरू झाली. प्रवचन झालं, बिशपांनी तिला प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली, आणि मग वेदीपुढं अंथरलेल्या सतरंजीवर ती पालथी झाली. कपाळ जमिनीला, हात पसरलेले. असं पडून स्वतःला पुरतं देवाच्या स्वाधीन करायचं, आणि तोवर सगळ्यांनी संतांची विनवणी गायची. चॅपलमध्ये गाणी सांगणाऱ्या इंद्रभान मास्तरांनी पेटीवर सूर धरला आणि एकेक नाव घेऊ लागले.

"संत पेत्रा…"

"आमच्यासाठी विनंती कर," सगळं चॅपल म्हणालं.

भिंतीपलीकडून जयमालाची किंकाळी आली. समतानं डोळे घट्ट मिटले. अजून एक नाव, अजून एक किंकाळी. मग मनकर्णाबाईंचा आवाज, "आलं, आलं, आलं!" आणि मग काहीच नाही.

समता पडूनच वाट बघू लागली. आता रडेल. आत्ता रडेल. जमिनीला टेकलेल्या कपाळात तिचे स्वतःचेच ठोके घणाघण वाजत होते. पलीकडं पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज. आणि मग मनकर्णाबाई, ज्या कधी घाबरत नसत, त्या ओरडल्या, "शिस्टर! लेकरू रडून नाई राह्यलं व बाप्पा!"

समता उठली. कुणाकडं बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. साडीचा काचा मारत ती बाजूच्या दारानं धावली. वेदीजवळून आपण उठून कुठं दुसरीकडं निघालोय, असं तिला वाटलंच नाही. त्याच एका वाटेवर ती पुढं चालली होती.

पोरगी होती. निळसर, लुळी, नाळेचा वेढा नुकताच सोडवलेला. समतानं हात धुतले, तिला कोरड्या फडक्यात घेतलं, तोंड साफ केलं, पाठ चोळली. काही नाही. कपाटातून श्वास द्यायचा इवलासा मास्क आणि त्याचा रबरी फुगा काढला, मास्क नाकातोंडावर बसवला आणि फुगा हलकेच दाबला. छाती वर आली. पुन्हा दाबला.

"घे, बाळा. घे श्वास. घे ना!"

तिकडं चॅपलमध्ये बिशपांनी इंद्रभान मास्तरांना हातानं खूण केली, थांबू नका. मास्तर गात राहिले. यादीतले संत संपले. मास्तरांनी क्षणभर वर बघितलं आणि पुन्हा पेत्रापासून सुरुवात केली. या खेपेला मागं बसलेल्या गावातल्या बायाही प्रतिसाद देऊ लागल्या. त्यांना नावं माहीत नव्हती, पण विनवणी कशाची चालली आहे हे पुरतं माहीत होतं. आवाज चढत गेला. छताचे पत्रे दणाणले.

"आमच्यासाठी विनंती कर! आमच्यासाठी विनंती कर!"

समताच्या हाताखाली ती चिमुकली छाती एकदा आपली आपण हलली. मग तोंड वाकडं झालं, मुठी वळल्या, आणि अशी काही किंचाळली पोरगी, की मास्तरांची पेटी थबकली.

चॅपलमध्ये एकच गलका उठला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी डोळ्यांना पदर लावला. बाहेर भागवत मटकन मांडवातच बसला. मनकर्णाबाई एकदम रडायला आणि हसायलाही लागल्या.

"जा आता, जा!" त्या समताला ढकलू लागल्या. "लोक खोळंबले तुमचे!"

समतानं लेकरू जयमालाच्या छातीशी दिलं, तिचा रक्तस्राव आटोक्यात आहे ना ते बघितलं, मगच हात धुतले. नवी साडी डागांनी भरली होती. ती तशीच चॅपलमध्ये आली आणि सतरंजीवर पुन्हा पालथी होऊ लागली.

"राहू द्या, सिस्टर," बिशप म्हणाले. "विनवणी दोनदा झाली. आता व्रतं घ्या."

ती सिस्टर पुष्पांजलींपुढं गुडघ्यांवर बसली. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन, मरेपर्यंत. कधीचे पाठ केलेले शब्द, पण आज ते धापा टाकत बाहेर आले, धावत आलेल्या माणसाच्या निरोपासारखे. भिंतीपलीकडून पोरगी मध्येमध्ये टाहो फोडत होती आणि प्रत्येक वेळी समताला हसू फुटत होतं. बोटात अंगठी गेली तेव्हा बायांनी पहिल्यांदा फुलं उधळली, मग अक्षताही. अक्षता कुणी आणल्या होत्या ते कुणीच कबूल केलं नाही.

जेवणाची पंगत मांडवात बसली. समताचं ताट मात्र दवाखान्यात आलं, कारण बाळंतिणीला सोडून ती हलायला तयार नव्हती. जयमालाच्या खाटेशी स्टुलावर बसून ती वरणबट्टी कुस्करत होती, तेवढ्यात बिशप दारात आले.

"मी घेऊ का बाळाला?"

मनकर्णाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घ्या ना. पण पयले हात धुवा साबणानं. नळ तिकडी हाय."

बिशप निमूटपणे नळाकडं गेले, आणि समता इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसकाच लागला.