प्रश्न उद्भवत नाही

शेषरावांनी फायलीची टाचणी काढली आणि बोट जिभेला लावून एकेक कागद टेबलावर पालथा टाकायला सुरुवात केली. समोर खुर्चीच्या कडेवर रागिणी बसली होती. अकोल्याहून सकाळी निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून ती अमरावतीला आली होती. या महिन्यातली ही तिची चौथी खेप.

"नेमणूक पत्र?"

"तिसरं पान, सर."

"हे झेरॉक्स हाय. म्या ओरिजनल सांगतलं होतं."

"ओरिजनल दुसऱ्या खेपेला दाखवलं. मागच्या वेळी तुम्ही पोलीस पडताळणी मागितली." आवाज न चढवता तिनं पिशवीतून मूळ पत्र काढून पुढं सरकवलं.

शेषरावांनी त्याला हात लावला नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला अमरावती विभागातून जे पत्रकार जायचे, त्यांच्या पासांच्या अर्जांवर ज्येष्ठ म्हणून शेरा मारायचं काम तीन वर्षांपासून त्यांच्याकडं होतं. समिती नावापुरती. शेरा पडला की पास आला, नाही पडला की नाही.

रागिणी चार वर्षं त्यांच्याच दैनिकात, त्यांच्या हाताखाली होती. मथळा कसा बांधायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं. गेल्या पावसाळ्यात तिनं एक बातमी आणली. चांदूर बाजारकडच्या एका खासगी वसतिगृहात खुशी नावाची चौदा वर्षांची मुलगी तीन दिवस तापानं फणफणत पडून राहिली. ना घरी कळवलं, ना दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. शेषरावांनी बातमी वरवर वाचली, "पाहू" म्हटलं आणि दाबून ठेवली. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. आठ दिवस वाट पाहून रागिणीनं राजीनामा दिला, अकोल्याच्या एका साप्ताहिकात गेली आणि बातमी तिथं छापली. मग ती मुंबईच्या पेपरांनी उचलली. तेव्हापासून अमरावतीत कुणीही भेटलं की हसत विचारायचं, "काहून भाऊ, तुमच्याच टेबलावरून उडाली म्हणते?"

आता त्याच बातमीवर एका आमदारानं विधानसभेत प्रश्न टाकला होता.

"सतरा तारखेला उत्तर आहे, सर. खुशीची आई रोज फोन करते. तू आत असशील ना, म्हणून विचारते."

"तिले काय समजते त्याच्यातलं?"

"मराठी समजते, सर."

शेषराव खुर्चीत मागं रेलले. "सकाळच्यानं काय करतं तू आजकाल?"

"आईच्या फुलांच्या दुकानावर बसते. तेही आता अकोल्यालाच हलवलंय. सात ते नऊ. आईचे गुडघे गेलेत."

"हो, मले काय नवं हाय ते? तू ऑफिसात आली की झेंडूचा वास सुटे. पोरं म्हणत, आली माळीण."

रागिणीनं टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले.

"जाय आता. करतो मी. तुले कधी नाही म्हटलं का म्या?"

ती उठली. मूळ पत्र पिशवीत ठेवून ती गेली. शेषरावांनी चहा मागवला, तो सावकाश संपवला आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'अर्जदार फूलविक्रीचा व्यवसाय करीत असून पूर्णवेळ पत्रकार असल्याचे दिसून येत नाही. शिफारस नाही.' पुन्हा वाचल्यावर त्यांनी 'दिसून' खोडलं आणि वर 'आढळून' लिहिलं. ते जास्त बरं वाटलं. मग त्या कागदाचा फोटो काढून त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना पाठवला.

सतरा तारखेला शेषराव पत्रकार गॅलरीत पुढच्या रांगेत बसले होते. प्रश्न पुकारला गेला. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं, "एक, हे खरे नाही. दोन आणि तीन, प्रश्न उद्भवत नाही."

आमदार साप्ताहिकाचा अंक उंच धरून उभे राहिले. मंत्र्यांनी दुसरा कागद घेतला.

"अध्यक्ष महोदय, ही बातमी देणाऱ्या बाई फुलं विकतात. त्या पत्रकार असल्याचे आढळून येत नाही. हे मी म्हणत नाही, त्यांच्याच क्षेत्रातल्या ज्येष्ठांनी लेखी दिलेलं आहे."

"मग हार घेऊन या म्हणा!" बाकांवरून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. पुढचा प्रश्न पुकारला गेला. सगळं मिळून चार मिनिटं.

आपला शब्द काना-मात्रा न बदलता वाचला गेला, याचं शेषरावांना क्षणभर बरं वाटलं. मग कुणी आपल्याकडं बघतंय का, हे त्यांनी हळूच पाहून घेतलं.

"कोण बे हे ज्येष्ठ?" शेजारच्यानं विचारलं.

"कोन जाने," शेषराव म्हणाले आणि वहीत खाली पाहून काहीतरी लिहू लागले.

दुपारी ते बाहेर आले, तर फाटकाबाहेर, पोलिसांच्या कठड्यापलीकडं रागिणी उभी होती. तिच्याजवळ एक काटकुळी बाई, डोक्यावर पदर, काखेत डब्याची पिशवी. वळून दुसरीकडून जावं असं शेषरावांच्या मनात आलं, पण तोवर रागिणीनं त्यांना पाहिलं होतं.

"सर, या पार्बताबाई. खुशीच्या आई." मग बाईंकडं वळून ती म्हणाली, "काकू, हे आमचे सर. आत बसले होते."

"आत होते का जी तुमी?" पार्बताबाई कठड्याला बिलगल्या. "काय म्हणलं मंत्र्यानं? माह्या पोरीचं नाव घेतलं का?"

सभागृहात कुणीच नाव घेतलं नव्हतं.

"घेतलं," शेषराव म्हणाले. "चौकशी लावतो म्हणे. टाइम लागते, बाई."

पार्बताबाईंनी पदर तोंडाशी नेला. "साऱ्यायच्या समोर घेतलं ना? मोठ्यानं?" असं म्हणत त्या वाकल्या आणि कठड्याच्या फटीतून हात घालून त्यांनी शेषरावांच्या पायाला हात लावला. शेषरावांनी पाय मागं घेतला नाही.

त्यांनी मान वर केली, तेव्हा त्यांना रागिणीच्या हातातला मोबाईल दिसला. त्यावर सभागृहाचं थेट प्रक्षेपण चालू होतं. तेच मंत्री आता दुसऱ्या कुठल्याशा प्रश्नावर बोलताना दिसत होते. तिच्या कानातून एक वायर खाली आली होती. तिनं ती कानातून काढली आणि सावकाश बोटाला गुंडाळली.

"सर, नुसतं खुशी म्हणाले, की पूर्ण नाव घेतलं?" तिनं विचारलं. "सांगा ना त्यांना. रोज मला विचारतात, नाव घेतील ना म्हणून."

पार्बताबाई उभ्या राहिल्या. "हो जी. तिच्या बापाचं नाव घेतलं का? अन् आडनाव?"

"खुशी," शेषराव म्हणाले आणि थांबले.

रागिणी त्यांच्याकडं पाहत राहिली. पार्बताबाई नीट ऐकू यावं म्हणून कानावरचा पदर मागं सारून वाट पाहत होत्या.