शकुनाचा आकडा

"दाबू का?" मैथिलीने विचारलं, पण माउसवरचं बोट हललं नाही.

"अगं, दाब ना! मुदत संपेल." दुकानात परत द्यायच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन निघालेला शिरीष दारातून मागे वळला. "हे बघ, एकशे एक्कावन्न म्हणजे... नाही चालणार. कॅन्सल कर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

अमेरिकेतल्या लॉ स्कूलची ती प्रवेश परीक्षा. मार्क आधी उमेदवाराला दिसतात. पसंत नसतील तर मुदतीत रद्द करता येतात, मग कॉलेजला आकडा कळत नाही. मैथिलीची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. पुढच्या उन्हाळ्यात शिरीषची शिकागोला बदली व्हायची होती आणि तिथे यंदा अर्ज करायचा तर हेच मार्क हाताशी होते. रद्द केले तर वर्ष गेलं. पाठवले तर बेचाळिसाव्या वर्षी नकार पदरात पडण्याचीच शक्यता जास्त. घरी सराव करताना मैथिलीबाईंना चांगले एकशे साठ पडत. खऱ्या परीक्षेत तिसऱ्या भागालाच हातपाय गळाले.

"पुढच्या वर्षी दे. घाई काय आहे?" शिरीष म्हणाला.

पुण्यात एलएल.बी.चं शेवटचं वर्ष राहिलेलं असताना लग्न झालं, जर्मनीत बोब्लिंगेनला येणं झालं, तेव्हाही तो असाच प्रेमाने म्हणाला होता, पुढच्या वर्षी कर. ते वर्ष काही आलं नाही. शिरीष वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती.

तेवढ्यात सासूबाई चष्मा पुसत आल्या. पुण्याहून लेकाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या. सकाळी त्यांनी स्क्रीनवर डोकावून आकडा पाहिला होता.

"देवापुढे साखर ठेवलीय हो. एकशे एक्कावन्न! शकुनाचा आकडा. नीताला फोन करून सांगूनसुद्धा टाकलं."

मैथिलीने माउसवरचा हात काढला. आहेराच्या पाकिटात घालायचा आकडा सासूबाईंना मार्कांतही शुभच वाटला होता. आणि नीता म्हणजे नणंद; तिला कळलं म्हणजे अख्ख्या सदाशिव पेठेला कळलं.

"आई, अगं काय हे!" शिरीषने कपाळाला हात लावला.

"अहो आई, हे कमी आहेत," मैथिली म्हणाली. "सुरुवातच एकशे वीसपासून होते, वर एकशे ऐंशीपर्यंत. रद्द करावे म्हणतेय."

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बुकशेल्फच्या वरच्या कप्प्यातल्या देवांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"मग... साखर उचलू का गं?"

मैथिलीला आधी राग आला, मग रडूच कोसळेलसं झालं. कमी असले तरी मार्क तिचे होते. ऑफिस, स्वयंपाक सगळं आटोपून, डोळे चुरचुरेपर्यंत बसून मिळवलेले. ते पुसले की ती परीक्षेला बसलीच नव्हती, असंच होणार होतं.

"राहू द्या," ती म्हणाली.

तिने मार्क तसेच ठेवले आणि अर्ज पाठवून दिला.

मग तिने देवापुढची साखरेची वाटी उचलली आणि शिरीषसमोर धरली.

"एकशे एक्कावन्न," ती म्हणाली. स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदाच.

त्याने बाटल्यांची पिशवी खाली ठेवली, जॅकेटला हात पुसले आणि प्रसाद घेताना धरतात तसा, उजव्याखाली डावा धरून हात पुढे केला.