पहिली ताटली

उद्या परिषदेत माझ्या मार्गदर्शक मॅडम माझा शोध सांगणार होत्या, म्हणून सकाळपासून मी हवेत तरंगत होते. प्रयोगशाळेत अंधार करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. फळमाशीचं अंडं तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. त्याच्या एका टोकाला आईनं निरोप ठेवलेला असतो: डोकं इकडे. तो पुढे पुढे विरत जातो, त्यावरून अंड्याचा प्रत्येक भाग आपली जागा ओळखतो. मग जनुकं जागी होतात, इथे चालू, शेजारी बंद. हळूहळू सात हिरवे पट्टे उजळतात. कुणीतरी झोपेत हसल्यासारखं वाटतं मला ते.

एरवी अंडं घातल्यापासून पट्टे पुरे व्हायला तीन तास लागतात. माझ्या माश्यांत ते दोन तासांतच झाले होते. तीन वर्षं हाती काहीच न लागल्यावर असं काही दिसलं, की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझ्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ यावरच ठरणार होती.

माश्यांचं खाणं शिजवणारे काका बाटल्या न्यायला आले. कौतुकानं त्यांनाही दाखवलं.

"छान गं. अंडी घालायला ठेवतेस, त्यातली पहिली ताटली टाकून दिली होतीस ना?"

"का बरं?"

"अगं, मनासारखं खाणं मिळेपर्यंत माश्या अंडी पोटात धरून ठेवतात. खाण्याची ताजी ताटली दिसली की आधी ती धरून ठेवलेली अंडी घालतात. तोवर पोटात वाढतच असतात ती."

 पहिली ताटली टाकायची, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पट्टे दोन तासांत दिसले, त्या दिवशी घाईत मी नेमकी तीच उचलली होती. स्वतःच्याच दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या.

पुन्हा माश्या लावल्या. पहिली ताटली फेकली, दुसरी तासभर ठेवली, आणखी तासभर थांबले, म्हणजे अंडी फार तर दोन तासांची. अंधारात एकेक अंडं पाहत गेले. सगळी शांत, एकसारखी फिकट. पट्ट्यांचा पत्ता नव्हता.

मॅडम त्यांच्या खोलीत भाषणाची तयारी करत होत्या. पडद्यावर माझं अंडं भिंतीएवढं उजळलं होतं, खाली माझं नाव. किती सुंदर दिसत होतं! गप्प बसले असते, तर वर्षभर कुणाला कळलंही नसतं.

"मॅडम, पट्टे लवकर आले नव्हते," मी म्हटलं. "मी पहिलीच ताटली घेतली होती. अंडी पोटात आधीच वाढलेली होती, आणि मी वेळ घातल्यापासून मोजली."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पडदा बंद केला. मला रडू फुटलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मुदतवाढीचा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही.