सहा जणांचं टेबल

"काकू, घर कसं हवं माहितीये? कुणाचंच वाटायला नको. तरच बघणाऱ्याला ते आपलं वाटतं," एजंटबाई म्हणाल्या आणि भिंतीवरचा काकांचा फोटो अलगद उतरवून त्यांनी काकूंच्या हातात दिला.

बाई वाईट नव्हत्या. देण्याआधी ओढणीने काच पुसली त्यांनी. काकूंनी फोटो पोटाशी धरला आणि पुढे काय काय निघतं ते पाहत उभ्या राहिल्या. पुष्कळ निघालं. लेकीच्या उंचीच्या खुणा असलेली दाराची चौकट रंगाखाली गेली. खिळ्यांची भोकं बुजली. पंख्याची करकर गेली, न्हाणीघरातला ठिबकणारा नळ बदलला. काका वर्षानुवर्षं "उद्या बघतो" म्हणत आलेली सगळी कामं एका आठवड्यात झाली. घर विकायला काढल्यावर राहण्यासारखं झालं, असं काकूंच्या मनात आलं. पण ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून हसायचं राहून गेलं.

देव कपाटात गेले. "दार थोडं उघडं ठेवते रे," काकू पुटपुटल्या. शेवटी एजंटबाईंचं लक्ष पुढच्या दाराशी गेलं. तिथे स्टुलावर पाण्याचं मडकं होतं आणि त्यावर पालथा घातलेला ग्लास.

"हे आत न्यायचं, काकू. दारातच पाणी म्हणजे घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटतं."

"माझा नेम आहे हो तो."

"नेम मागच्या खोलीत करा ना. कोण बघतंय?"

अडचण नेमकी तीच होती. बाहेरून आलेल्या एका तरी माणसाने या घरातलं पाणी प्यावं आणि मगच आपण दिवसातला पहिला घास घ्यावा, असा काकूंचा नेम. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी तो त्यांच्या ओंजळीत घातला होता. तेव्हा घरात माणसांची एवढी ये-जा की नेम पाळतोय हेसुद्धा लक्षात राहत नसे. पुढे सासूबाई गेल्या, लेक लग्न होऊन परगावी गेली, ये-जा आटली. दुपार टळत आली तरी कुणी फिरकलं नाही की काका गुपचूप मागच्या दाराने बाहेर पडायचे, घराला वळसा घालून पुढे येऊन घंटी वाजवायचे.

"बाई, पाणी मिळेल का?"

"कुठून आलात?" काकू तोंडावर हसू न आणता विचारायच्या.

"लांबून."

घटाघट प्यायचे, ग्लास परत द्यायचे आणि आत येऊन म्हणायचे, "चला, वाढा आता. तो मघाचा पाहुणा गेला का?" हे देवाला चालतं की नाही, याची काकूंना धाकधूक असे. पण काकांचं म्हणणं, "उंबऱ्याबाहेर उभा राहून मागतोय ना मी? मग त्या घटकेला मी बाहेरचाच."

काका गेल्यावर घंटी वाजवायला पोस्टमन उरला, गॅसवाला उरला. न्हाणीघरात काकूंचा पाय घसरला तेव्हा लेक धावत आली आणि जाताना घर विकायचं ठरवून गेली. "आई, आमच्याकडे आठव्या मजल्यावर वारा काय सुंदर येतो." काकू "बरं" म्हणाल्या. वारा पाणी पीत नाही, हे त्या बोलल्या नाहीत.

मग गिऱ्हाइकांना दाखवण्यापुरतं भाड्याचं फर्निचर आलं. मऊ राखाडी सोफा, कुणीही न वाचलेली पुस्तकं आणि सहा जणांचं जेवणाचं टेबल. टेबलावर सहा ताटं, सहा ग्लास, मधोमध काचेचा जग. काकूंनी सवयीने एक ग्लास सरळ करायला हात लावला, तर तो हलेना.

"चिकटवलेत," एजंटबाई म्हणाल्या. "मागच्या घरी पोरांनी दोन फोडले. तुम्ही या टेबलावर जेवू नका हं."

काकू स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून जेवू लागल्या. फोडणी द्यायची नाही, वास राहतो. झोपल्याची खूण ठेवायची नाही, उठल्याबरोबर चादर ताणायची. टूथब्रश ड्रॉवरमध्ये. स्वतःच्याच घरात त्या चोरपावलांनी वावरू लागल्या. घर बघायला माणसं आली की त्यांनी बाहेर जायचं, असंही ठरलेलं. "मालकीण समोर असली की लोक मोकळं बोलत नाहीत," एजंटबाई समजावत.

रस्त्यापलीकडे बसथांब्याचं बाकडं होतं. काकू पिशवी मांडीवर घेऊन तिथे बसत आणि आपल्या घराकडे पाहत. काय माणसं येत होती! जोड्या, आजीआजोबा, कडेवर पोरं, पाठीमागे दीर-जावा. इतकी पावलं त्या उंबऱ्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सगळी कोरड्या घशाने आत जात आणि कोरड्या घशाने बाहेर येत. काकू अजून जेवलेल्या नसत. फाटकावर विक्रीची पाटी लागल्यापासून रस्त्याने जाणारं कुणी थांबत नव्हतं. पोस्टमनसुद्धा लांबूनच म्हणाला, "निघालात वाटतं?" एजंटबाईंना रोज विचारून झालं होतं. त्यांच्या खांद्याला त्यांची स्वतःची बाटली लटकलेली असे.

"माझं आहे काकू. कशाला त्रास?"

कधी दिवेलागणीला फिरायला निघालेलं कुणी दोन घोट घेई. कधी तेही नाही. लेकीचा फोन आला की काकू "जेवले" म्हणत नसत, खोटं कसं बोलायचं? "माझं आवरलं हो सगळं," म्हणत. लेक म्हणे, "गुड."

एके दिवशी त्यांनी टेबलावरच्या जगात गुपचूप पाणी भरलं आणि बाकड्यावर येऊन बसल्या. संध्याकाळी एजंटबाई कपाळाला हात लावूनच भेटल्या.

"काकू, जगात पाणी तुम्ही ठेवलंत? तो माणूस प्यायला गेला. ग्लास निघेना म्हणून त्याने जोर लावला, तर टेबलच उचललं गेलं. त्याची बायको म्हणते, अहो, भिंती तरी खऱ्या आहेत का बघा."

काकूंना हसू फुटलं. एजंटबाईही हसल्या, मग गंभीर झाल्या. "पण गिऱ्हाईक गेलं ना."

"प्यायला का हो तो?"

"कशातून पिणार?"

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी घरचं पाणी बाटलीत भरून पिशवीत ठेवायला सुरुवात केली, सोबत ग्लास. बाकड्यावर कुणी टेकलं की पुढे करत. पण अनोळखी बाईच्या पिशवीतलं पाणी कोण पितं? लोक हसून मान हलवत आणि थोडं सरकून बसत.

एकदा एक बाई त्यांच्याच घरातून बाहेर पडून रस्ता ओलांडून आली आणि शेजारी बसली. नवरा गाडी वळवायला गेला होता.

"पाहिलंत का हो ते घर?" तिने आपणहून विषय काढला. "किती माणसं असतील ना! सहा ताटं मांडून ठेवलीत. आम्ही दोघंच आहोत. पण ते टेबल बघितलं आणि वाटलं, घ्यावंच."

काकूंच्या ओठांवर बरंच काही आलं. त्यांनी ग्लास काढला. "पाणी घ्या ना."

"नको, नको. आत्ताच झालं." ती काकूंकडे न बघता घराकडे बघत होती. "टेबल देतील का हो ते घराबरोबर?"

"विचारून बघा," काकू म्हणाल्या.

घर तिनेच घेतलं. टेबल मात्र गेलं. भाड्याचं सामान न्यायला ट्रक आला तेव्हा हमाल मडक्यातलं पाणी ग्लासामागून ग्लास प्यायले, एकाने तर डोक्यावरही ओतून घेतलं. त्या दिवशी काकू भर दुपारी, रिकाम्या खोलीच्या मधोमध मांडी घालून, पोटभर जेवल्या.

शेवटच्या सकाळी एजंटबाई किल्ली घ्यायला आल्या. नवी माणसं दुपारी येणार होती. काकूंचं सामान आधीच लेकीकडे पोचलं होतं. आता एक पिशवी, पिशवीत देव, काकांचा फोटो आणि प्रवासाचा डबा. मडकं त्यांनी भरून पुन्हा दाराशी स्टुलावर ठेवलं होतं. घर घेणाऱ्या त्या बाईला असू दे, आपल्याला आठव्या मजल्यावर काय करायचंय.

"एक घोट घ्याल का आज तरी?" काकूंनी विचारलं.

एजंटबाईंचा फोन कानाला होता. त्यांनी खांद्यावरची बाटली हलवून दाखवली आणि दुसरा हात पुढे केला. काकूंनी त्या हातात किल्ली ठेवली. मग खोल्यांतून एक फेरी मारली, कुठे काही हात लावायला उरलं नव्हतं. त्या बाहेर पडल्या. मागे दार लागलं.

फाटकापर्यंत गेल्या आणि थांबल्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. बस पुढे केव्हा थांबेल, लेकीच्या दारात पोचायला केवढा वेळ लागेल, आणि तिथे बाहेरचं माणूस कुठून आणायचं? शिवाय नेम या घरातल्या पाण्याचा. काकूंनी वळून दाराकडे पाहिलं. रंग इतका नवा होता की दार ओळखीचं वाटेना.

त्या परत गेल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि घंटी वाजवली. ती वाजवायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. आतून तिचा आवाज कसा येतो ते ठाऊक होतं, बाहेरून तो फार लांबचा वाटला.

एजंटबाईंनी दार उघडलं. "काय हो काकू, काही राहिलं का?"

"बाई, पाणी मिळेल का?"

एजंटबाई फोनवर "एक मिनिट हं" म्हणाल्या, फोन खाली ठेवला, मडक्यावरचा ग्लास सरळ करून भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

काकू उभ्यानेच प्यायल्या.

"आत येऊन बसा ना थोडं. एवढ्या उन्हाचं कुठे जायचंय?"

"लांब," काकू म्हणाल्या आणि ग्लास परत दिला.

रस्ता ओलांडून त्या बाकड्यावर बसल्या. हे चालतं की नाही, हे देवाने ठरवावं, इतक्या वर्षांत त्याने काकांना कधी हटकलं नव्हतं. बस यायला अवकाश होता. काकूंनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, मांडीवर डबा उघडला आणि समोरच्या घराकडे पाहत पहिला घास घेतला.